काळा रंग उतरेपर्यंत

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

डॉक्टरांनी ही वही सासूबाईंसाठी करायला सांगितली होती. झोप किती झाली, काय खाल्लं, किती वेळा घराबाहेर निघाल्या, काय काय विचारलं. पुढच्या पानांवर ते सगळं रकाने आखून लिहिलेलं आहे. आज वही उलटी केली आणि मागच्या पानापासून माझं लिहायला बसले. दिवसभर अंगणवाडीची रजिस्टरं भरून मनगट दुखतं. तरी लिहिते, कारण सांगावं असं घरात कोणी नाही.

काल गोंदियाला आचलचं साक्षगंध झालं. पाहुणे साधे आहेत. मुलगा कमी बोलतो, पण आचलच्या ताटात काही संपलं की त्याचं लक्ष असतं, हे मी पाहिलं. शनिवारी आचलने मला खुर्चीत बसवून डोक्याला काळा रंग लावला. "आई, फोटोत तू माझी आजी दिसशील," म्हणाली. नऊ वर्षं मी केसांना तेलाशिवाय काही लावलं नव्हतं. तिचे बाबा गेले तेव्हा मी चाळिशीची होते, आणि दीड-दोन वर्षांत डोकं कापसासारखं झालं. पण पोरीचा दिवस होता, लावू दिलं. आरशात पाहिलं तर बूटपॉलिश केल्यासारखं डोकं. कपाळावर काळी रेघ राहिली होती, ती खोबरेल तेलाने पुसली.

सासूबाईंना गर्दी सोसत नाही म्हणून शेजारच्या रुक्माबाईंकडे ठेवून गेले होते. काल संध्याकाळी अर्जुनीला परत आले आणि त्यांना घ्यायला गेले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पोरी, डोक्यावर पदर घे. मामाजी ओट्यावर बसले हायेत."

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन बावीस वर्षं झाली. मी पदर घेतला.

घरी आल्यावर चुलीपाशी बसल्या आणि विचारलं, "सेवक आला नाई का वो अजून मिलमधून?"

सेवकराम म्हणजे माझे मिस्टर. राइस मिलमध्ये ऑपरेटर होते, तिथेच छातीत दुखून गेले. दोन वर्षांपासून सासूबाईंना जेवल्याचं आठवत नाही, आचलचं नाव आठवत नाही. पण ही एक गोष्ट त्या कधी विसरल्या नव्हत्या. मला निर्मला म्हणून हाक मारायच्या आणि मुलगा नाही हे त्यांना ठाऊक असायचं.

मी भात वाढला.

११ फेब्रुवारी

आज अकरा वेळा विचारलं. पुढच्या पानावरचा रकाना भरून बाहेर गेला. शेवटी मी म्हटलं, "पाळीवर गेले." त्या "असं होय" म्हणाल्या आणि गुपचूप जेवल्या. कितीतरी महिन्यांत इतक्या शांतपणे जेवल्या नव्हत्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अंगणवाडीत पोरांचं वजन घेत होते, तेवढ्यात फोन आला. रेल्वे फाटकावरचा गेटमन ओळखीचा आहे. म्हणाला, "ताई, देवकाबाई इथे बसून आहेत. लवकर या."

धावत गेले. सासूबाई त्याच्या खोलीबाहेर स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर डबा. फाटक बंद असताना खालून वाकून निघाल्या होत्या. मालगाडी येत होती, त्याने दंडाला धरून मागे ओढलं. डब्यात कच्चे तांदूळ होते आणि वर एक कांदा.

"सेवकले डबा देऊन राहिली," मला म्हणाल्या. "तू झोपूनच असतेस."

ती मिल तर केव्हाच विकली गेली. आता तिथे सिमेंटचं गोदाम आहे.

रुक्माबाई रडायला लागल्या. त्यांचा डोळा लागला होता, तेवढ्यात या निघून गेल्या. त्यांना काय बोलणार? त्याही पासष्टच्या आहेत.

१४ फेब्रुवारी

सुट्टी काढून सासूबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वही वाचली आणि विचारलं, "घरात काही बदल झाला का इतक्यात? जागा, माणसं?"

मी नाही म्हणणार होते. मग हात आपोआप डोक्याकडे गेला.

ते थोडा वेळ माझ्या केसांकडे पाहत राहिले. म्हणाले, असू शकतं. चेहऱ्यापेक्षा केसांवरून, चालीवरून ओळख ठेवतात काही लोक. तुम्ही काळ्या केसांच्या झालात, त्यांच्या लेखी लग्नाचं वर्ष आलं. पण आजारही पुढे सरकला असेल. रंग गेला म्हणजे त्या परत येतीलच असं मी सांगू शकत नाही.

संध्याकाळी आचलला फोनवर सांगितलं. ती रडली. "माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, तुझ्यामुळे काही नाही, रंग काढून टाकते. तिने मोबाइलवर तीन-चार व्हिडिओ पाठवले.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवला आणि डोक्याला चोळला. व्हिडिओतल्या बाईने दहा मिनिटं सांगितली होती, मी अर्धा तास ठेवला. जास्त ठेवला तर जास्त निघेल असं वाटलं. आधी चुरचुरलं, मग आग झाली. बादलीत डोकं बुडवून बसले. रंग होता तसाच आहे. कानामागे आणि मानेवर लाल चट्टे आलेत.

मी ओल्या केसांनी बसलेली पाहून सासूबाई म्हणाल्या, "नवरीनं भर दुपारी न्हाऊ नये वो."

१७ फेब्रुवारी

बसस्टँडजवळ रचनाचं मेडिकल आहे. फार्मसी शिकलेली मुलगी, आचलच्या शाळेतली, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मलम मागायला गेले तर म्हणाली, "काकू, पदर बाजूला करा, दाखवा." मग मला लहान पोरासारखं रागावली.

"कोणी सांगितलं हे? इंटरनेटवाले काहीबी सांगतात. बरं झालं ब्लीच नाही लावलं. ते घरी कधीच लावू नका, डोळ्यात गेलं तर काय करणार तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं, सासूबाईंचं, फाटकाचं. दुकानात गर्दी होती, तरी ऐकून घेतलं. मग तिने एका कागदावर लिहून दिलं. आधी आठ-दहा दिवस डोक्याला फक्त खोबरेल तेल. चट्टे पूर्ण गेल्याशिवाय काही करायचं नाही. मग व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून कोंड्याच्या शाम्पूत कालवायच्या. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस पाहायचं, आणि मागच्या एका बटेवर. ठीक असेल तरच सगळ्या केसांना, अर्धा तास, आणि कोमट पाण्याने धुवायचं. आठवड्यात दोनदा, त्याच्यावर नाही. नंतर तेल नाहीतर कंडिशनर.

"आणि काकू, आशा लावून घेऊ नका. पक्का रंग आहे. फिका होईल, पूर्ण निघणार नाही. मुळातून पांढरे येतील तेच खरे. तुम्ही लगेच आला असतात तर रंग जास्त उतरला असता."

आठ-दहा दिवस. म्हणजे आठ-दहा दिवस ते पाळीवर असणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाई शांत आहेत. मी रोज काही सांगते, त्या ऐकतात. पाळी रोज रोज चालत नाही, म्हणून परवा म्हटलं, देवरीला गेलेत, मालकाने धान आणायला पाठवलं. काल म्हटलं, ट्रक बिघडला, ड्रायव्हरसोबत ढाब्यावर थांबलेत, जेवण बरं मिळालं म्हणे. आज विचारलं, "तुह्यासाठी काय आनते म्हने?" मी म्हटलं, साडी, मोरपंखी. कुठून सुचलं कोण जाणे. मिस्टरांनी आयुष्यात मला मोरपंखी साडी आणली नाही. त्यांना रंगच कळायचे नाहीत, हिरव्याला निळा म्हणायचे.

खोटं बोलावं लागतं. बोलले नाही तर त्या दाराबाहेर निघतात. त्यात मला काही सुख आहे असं नाही.

संध्याकाळी तेल लावायला बसले तर वाटी माझ्या हातातून घेतली. "बस खाली." सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला. बोटांत अजून जोर आहे, पण चट्ट्यांवरून फार हलक्या हाताने गेल्या.

"किती कारे केस तुहे. नजर लागन." मग म्हणाल्या, "तो उशिरा येते. त्याच्यासाठी उपाशी नको राहत जाऊ. जेवून घेत जाय."

लग्न होऊन आले तेव्हा याच घरात पुरुषांचं जेवण झाल्याशिवाय त्यांनी मला ताटाला हात लावू दिला नव्हता. आचल पोटात असतानाही. तेव्हा असं का नाही म्हणाल्या, हे आता कोणाला विचारू?

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ईश्वरदास भाऊजी देवरीहून प्रतापगडच्या यात्रेला आले होते. परतताना आईला भेटायला थांबले. सासूबाईंनी त्यांना ओळखलं. खूश झाल्या, गालावरून हात फिरवला. मग विचारलं, "सेवक नाई दिसला का तुले? देवरीलेच हाय तो. ट्रक बिघडला."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, नका. पण ते सरळ माणूस.

"काय बोलून राहिली आई? दादा कोठी हाय आता? दादाले जाऊन नऊ वर्षं झाले. तूच तं त्याच्या तोंडात पानी घातलं."

सासूबाईंनी जो आवाज काढला तो मी नऊ वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता. गल्लीतली माणसं दारात जमली. भिंतीवर डोकं आपटायला लागल्या, भाऊजींनी आणि मी दोघांनी धरून ठेवलं. प्रसादाचा पुडा पायाखाली आला.

नंतर अंगणात मी भाऊजींना बोलले. "काय मिळालं तुम्हाला? सकाळी विसरतील आणि परत विचारतील."

"मंग रोज खोटं सांगायचं का, वहिनी?"

"रोज मी राहते त्यांच्यासोबत. तुम्ही वर्षातून दोनदा येता."

ते खाली मान घालून चपला घालत होते. जाता जाता म्हणाले, "राग नका मानू. पन आई सांगत होती, साडी आनतो म्हने, ढाब्यावर जेवला म्हने. इतकं तं कोनी आईसाठी नाई सांगत, वहिनी."

काय बोलतात हे. मला फार राग आला आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी उठून पहिला प्रश्न तोच. "सेवक आला का?" डोळे सुजलेले, पण का सुजले ते ठाऊक नाही. विचारत होत्या, डोळ्यात काही गेलं का वो माह्या?

मी म्हटलं, देवरीलाच आहेत.

२ मार्च, रविवार

चट्टे गेले. शुक्रवारी कोपराच्या आत लावून पाहिलं होतं, काही झालं नाही. काल मागची एक बट धुतली, ती थोडी तपकिरी झाली. आज सगळ्या डोक्याला लावलं. गोळ्या संत्र्याच्या चवीच्या मिळाल्या, खलबत्त्यात कुटल्या. शाम्पूत कालवल्यावर चिकट पिवळं झालं. जुना टॉवेल गुंडाळून अर्धा तास बसले, मोबाइलवर घड्याळ लावून. डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान मागे टाकून धुतलं. पहिल्या पाण्याला रंग चहासारखा होता, तिसऱ्याला कमी. मग तेल.

उन्हात पाहिलं तर काळेपणा मोडला आहे. बूटपॉलिश गेलं, आता गडद तपकिरी दिसतं. जळजळ अजिबात नाही. रचना हुशार आहे.

सासूबाईंनी जवळ येऊन वास घेतला. "संत्रं खाल्लं का वो? मले नाई देल्लं." मग मला पाहत राहिल्या. एवढा वेळ पाहत राहिल्या की मला वाटलं, आता निर्मला म्हणतील. पण विचारलं तेच.

६ मार्च, गुरुवार

काल धुवायचं होतं. जमलं नाही. नळ उशिरा आला, आणि महिन्याचा अहवाल द्यायचा होता.

१० मार्च, सोमवार

कालही राहिलं. रविवारी कपडे फार होते. शिवाय डोक्याला थोडं कोरडं वाटतं. रचनाने जपून करा म्हटलंच आहे, घाई करून पुन्हा चट्टे उठले तर?

आज सासूबाई म्हणाल्या, तो आला की त्याला कोहळ्याची भाजी कर, त्याला आवडते. मिस्टरांना ती आवडत नव्हती. भाऊजींना आवडते. मी सासूबाईंना सांगितलं नाही. कोहळ्याची भाजी केली, आम्ही दोघींनी खाल्ली. मिस्टर एका लग्नात पंगतीत वाढताना कसे घसरले होते, ते मी त्यांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मलाही हसू आवरेना.

१५ मार्च

मेडिकलवरून जात होते, रचनाने हाक मारली. "काकू, पुढची गोळ्यांची पट्टी न्यायला नाही आल्या? पहिली संपली असेल ना?"

मी म्हटलं, वेळ मिळत नाही ग.

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. ते मला आवडलं नाही.

१९ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहायची हिंमत नाही. तरी लिहिते.

सकाळी तालुक्याला मीटिंग होती. निघताना सासूबाईंनी पदर धरून ठेवला. केव्हा येणार तो, आज सांगच. उशीर होत होता, बाहेर गाडी थांबली होती. मी म्हटलं, "आज दुपारी जेवायला येतील, आई. पक्कं." त्यांनी पदर सोडला.

फाटकाच्या दिशेने जाऊ नयेत म्हणून अंगणाचं लोखंडी दार बाहेरून लावून किल्ली रुक्माबाईंकडे दिली होती. रुक्माबाई अकराला पाहून गेल्या तेव्हा सासूबाई ओट्यावर सावलीत होत्या. मग त्या दारापाशी गेल्या असाव्यात. गज धरून उभ्या राहिल्या. तिथे सावली नाही. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारी उभी आहे, रोजचंच. दोन वाजता रुक्माबाई आल्या तेव्हा त्या दाराला टेकून खाली पडल्या होत्या. अंगात ताप, ओठ फाटलेले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा सलाइन लागली होती. त्यांना शुद्ध होती. मला पाहून म्हणाल्या, "तो आला तं नाई. पन मी दारातून हालली नाई."

डॉक्टरांनी विचारलं, ऊन आहे हे माहीत असून त्या तिथे का उभ्या राहिल्या? मी म्हटलं, वाट पाहत होत्या. कोणाची ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

२० मार्च

सासूबाई घरी आल्या. अशक्त आहेत, झोपून आहेत.

रचनाकडे गेले. म्हटलं, मला चार पट्ट्या दे. रोज लावते, दिवसातून दोनदा लावते. नाहीतर ते ब्लीच दे, काय व्हायचं ते होऊ दे.

तिने काउंटरवरचं गिऱ्हाईक थांबवलं आणि मला आतल्या स्टुलावर बसवलं. पाणी दिलं.

"काकू, तुमचं डोकं जाळून आजी बऱ्या होणार नाहीत."

"मग काय करू मी?"

"आठवड्यात दोनदा. फक्त चुकवू नका. आणि..." ती थांबली. "आजींना रोज नवीन काही सांगू नका. येत आहेत, आले, असं नका म्हणू. विचारलं तर म्हणा, माहीत नाही."

एवढी मोठी झाली का ही पोरगी? आचलसोबत आमच्या अंगणात टिकऱ्या खेळायची.

२३ मार्च, रविवार

धुतलं. अर्धा तास, कोमट पाणी, तेल. पाणी जरा पिवळट निघालं.

त्यांनी विचारलं, मी म्हटलं, माहीत नाही. रागावल्या. "नवरा कोठी हाय ते माहीत नाई? कशी बायको तू?" भिंतीकडे तोंड करून झोपल्या. जेवल्या नाहीत. मला नवीन काही सुचलं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

घर फार शांत वाटतं.

२७ मार्च

धुतलं. आता केस तांब्यासारखे झालेत, कुठे कुठे वाळल्या गवतासारखे. मुळाशी दीड बोट पांढरे आले आहेत. अंगणवाडीतली एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम मांजरीसारख्या दिसतात." सगळी पोरं हसली. मदतनीस बाईंनी त्यांना दटावलं. मी म्हटलं, खरंच तर बोलून राहिली.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. पुरणपोळी केली, सासूबाईंनी दीड खाल्ली. दुपारी धुतलं.

आचलचा फोन आला. लग्न मेच्या वीस तारखेला ठरलं. मी तिला डोक्याचं सांगितलं, वर पांढरं, मधे तांबडं, खाली तपकिरी. म्हटलं, लोक काय म्हणतील तुझ्या सासरचे. ती म्हणाली, "आई, तू ये फक्त. आणि आजीलाही आण. मी तेव्हा ऐकायला पाहिजे होतं, तू नको म्हणत होतीस." मी नको म्हटलं होतं का? मला आठवत नाही. मला तर वाटतं, मी लगेच बसले होते खुर्चीत.

६ एप्रिल, रविवार

आज धुऊन झाल्यावर केस सुकवत ओट्यावर बसले होते. सासूबाई बऱ्या आहेत आता, चालतात. फणी घेऊन मागे येऊन बसल्या. आठ-दहा वेळा फणी फिरवली असेल, मग हात थांबला.

"हे काय वो?"

"काय, आई?"

"तुह्या भांगात. पांढरं हाय." बोटांनी भांग उकलून पाहिला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "मुळापासून पांढरे हायेत. पुरे पिकले."

"हो."

"तू तं आता आली होतीस."

"पुष्कळ दिवस झाले, आई. सत्तावीस वर्षं."

रस्त्यावरून भाजीवाला गेला. मग म्हणाल्या, "म्हनजे सेवक येत नाई आता."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी तयारीत होते, त्या दिवशीसारखा आवाज काढतील, धरावं लागेल. मी वळून त्यांचे दोन्ही हात धरले.

"नाही येत, आई."

त्यांचे डोळे भरले, पण ओरडल्या नाहीत. एक हात सोडवून घेतला आणि माझ्या भांगावरून फिरवला.

"मी म्हातारी. मले भूल पडते," म्हणाल्या. "तुले तं ठाऊक होतं ना?"

"हो."

"मंग तू काऊन वाट पाहत होतीस, निर्मला?"

मला नावाने हाक मारली. दोन महिन्यांनी. त्याचा मला फार आनंद झाला. म्हटलं, सरळ बसा आई, पाठ दुखेल. वाट मी कुठे पाहत होते? त्याच पाहत होत्या. आजारात असं होतं, स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर टाकतात. वहीच्या पुढच्या पानावर डॉक्टरांसाठी लिहून ठेवलं आहे.

७ एप्रिल

सकाळी एकदा विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि गप्प झाल्या. थोडं रडल्या. मग चहा मागितला.

११ एप्रिल, शुक्रवार

रचनाला सांगून आले, आता गोळ्या नकोत. तिने डोकं पाहिलं. कातडी स्वच्छ आहे म्हणाली. उरलेला रंग निघायचा नाही, लग्नाआधी खालचे केस खांद्यापर्यंत कापून घ्या, बाकीचं वाढेल तसं वाढू द्या. मी म्हटलं, बरं. मोकळं वाटायला हवं होतं. फार थकल्यासारखं वाटलं. बसस्टँडवरच्या बाकावर पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "निर्मला, खडे लय हायेत वो याच्यात." मीही समोर बसले.

पाच वाजले. मिलची पाळी सुटायची ती वेळ. त्यांनी विचारलं नाही. मी सूप पाखडलं, दिवा लावला, भात टाकला. सहा वाजले. रुक्माबाई येऊन गेल्या. सासूबाई तांदळाच्या भावाबद्दल बोलल्या, आचलच्या लग्नात नेसायच्या लुगड्याबद्दल बोलल्या. सात वाजता दोघी जेवायला बसलो. तेव्हाही विचारलं नाही. पुढच्या पानावरच्या रकान्यात आज दोन महिन्यांत पहिल्यांदा शून्य लिहिलं.

जेवता जेवता त्या म्हणाल्या, "काऊन वो, कोन येनार हाय?"

"कोणी नाही, आई. का?"

"तू घडीघडी दाराकडे पाहून राहिली."